बाहेरचं युनिट

१

उन्हाळा चढला की एसी मेकॅनिकला जावयाचा मान मिळतो. एरवी घंटा वाजवली तर दाराच्या फटीतून "कोण पाहिजे?" विचारणारी माणसं ऊन तापलं की जिन्यापर्यंत उतरून वाट बघत उभी राहतात. खुर्ची पुसून देतात, सरबत पुढे करतात आणि स्टुलावर चढलेल्या माणसाकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघतात. गारवा सुरू झाला की हा मान संपला. मग "जाताना तेवढा कचरा गोळा करून न्या हं."

या मेकॅनिकला हे सगळं तोंडपाठ होतं आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. दुकानाचे मालक त्याला गारठ्या म्हणत. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, कामात चोख. त्याची एक सवय मात्र गिऱ्हाइकांना बुचकळ्यात टाकायची. तक्रार आतल्या खोलीतल्या यंत्राची असली तरी हा गडी घरात शिरला की सरळ गॅलरीकडे वळायचा. "बाहेरचं युनिट कुठे आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"अहो, बिघडलंय ते आत," लोक म्हणत.

"एसी गारवा तयार करत नाही," तो सांगायचा. "घरातली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. ती कुठे पडतेय ते आधी बघू द्या."

हे वाक्य सांगून सांगून इतकं गुळगुळीत झालं होतं की बोलताना त्याचं त्यालाच ऐकू येत नसे.

घरी मात्र त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा. त्याच्या मुलीला, चिमीला, जन्मापासून घाम येत नव्हता. नुकतीच शाळेत जायला लागलेली, बडबडी, हट्टी पोर. पण ऊन वाढलं की तिचं अंग तव्यासारखं तापायचं आणि तापलेलं निवायचं नाही. "हिला थंड ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. "याला औषध नाही. गारवा हेच औषध." एसी मेकॅनिकच्या पदरात अशी लेक टाकणाऱ्याला थट्टेची भारी हौस असणार. त्यानं भंगारात निघालेल्या यंत्रांचे भाग जुळवून घरी एसी बसवला होता आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्या एसीनं निभावूनही नेलं.

यंदाचं ऊन वेगळं होतं. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस तापलेला चेहरा घेऊन परत यायचा. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. ज्यानं त्यानं एसी बसवून घेतला होता, त्यातले कितीतरी याच्याच हातचे. ती सगळी यंत्रं दुपारभर गल्लीत गरम वाफारे सोडत बसत, आणि त्यांनी ओढलेल्या विजेमुळे याच्या घरातला दिवा मिणमिणायला लागे. कॉम्प्रेसर एकदा गुरगुरायचा आणि मान टाकायचा. मग त्याची बायको चादरी ओल्या करून दारं-खिडक्यांना लावायची, चिमीला भिजवलेल्या पंच्यात गुंडाळायची आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसायची. तिचा हात दुखून यायचा, पण पुठ्ठा थांबायचा नाही.

"अहो, अख्ख्या गावाची घरं गार करता तुम्ही," ती एकदा म्हणाली. टोमणा नव्हता तो. नुसती दमलेल्या बाईनं मोठ्यानं उच्चारलेली गोष्ट होती. तेच त्याला जास्त लागलं.

२

"गारठ्या, आज तुझ्यासाठी खास गिऱ्हाईक आहे," मालक हसत म्हणाले. "सगळं शहर गार होत नाही म्हणून रडतंय, आणि एक बाई म्हणतात, आमचा एसी बंदच होत नाही."

"बटण अडकलं असेल."

"प्लगच काढून ठेवलाय म्हणे. जा, बघ जरा."

जुन्या इमारतीतलं वरच्या मजल्यावरचं घर होतं. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. दार उघडणाऱ्या बाई वयस्कर होत्या. अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल. आतली हवा त्याच्या घामेजल्या अंगावर आली आणि भर दुपारी त्याला हुडहुडी भरली. मोठमोठ्या ऑफिसांतसुद्धा असा गारवा त्यानं कधी अनुभवला नव्हता.

"या दादा. एवढं बंद करून द्या," बाई म्हणाल्या.

"बाहेरचं युनिट कुठे आहे, काकू?"

तो आपला सवयीनं गॅलरीत गेला. तिथे लोखंडी ब्रॅकेट होतं, गंजलेलं. त्यावर एक फडकं वाळत घातलेलं होतं, बाकी काही नाही.

"युनिट तर नाहीये!"

"मागेच नेलं भंगारवाल्यानं."

तो परत आत आला आणि स्टुलावर चढला. प्लग खरंच काढलेला होता. त्यानं पुढचं झाकण उघडलं. जाळीवर धुळीचा थर होता, जाडजूड आणि जागचा न हललेला. म्हणजे तिच्यातून कित्येक महिने हवा वाहिलेली नव्हती. आणि तरीही धुळीपुढे धरलेल्या त्याच्या बोटांची टोकं बधिर होत होती.

त्यानं नळ्यांचा माग काढला. तांब्याच्या त्या दोन नळ्या बाहेरच्या भिंतीकडे जायला हव्या होत्या. त्या वाटेतच वळून आतल्या भिंतीत शिरल्या होत्या.

"या कुणी वळवल्या?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या.

अशा वेळी मेकॅनिक विचार करत बसत नाही, हातातलं काम करतो. त्यानं पिशवीतून साबणाच्या पाण्याची बाटली काढली, फेस केला आणि नळीच्या सांध्याला लावला. गॅस कुठे गळतोय हे शोधायची ही जुनी रीत. गळत असेल तर फेसाला फुगा येतो, मोठा होतो आणि फुटतो.

फुगा आला. मोठा झाला. थांबला. आणि न फुटता हळूच परत आत गेला.

तो बघत राहिला. फुगा पुन्हा फुगला, पुन्हा आत गेला. गॅस बाहेर येतो, परत आत जात नाही, हे त्याला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. काही वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपला श्वासही त्या फुग्याबरोबर चाललाय, आणि तो घाईनं स्टुलावरून उतरला.

"या भिंतीपलीकडे काय आहे, काकू?"

"छोटी खोली आहे. आमचे हे असतात तिथे."

खोलीचं दार बंद होतं. खालच्या फटीत टॉवेल कोंबलेला होता, वाळून कडक झालेला. दाराच्या रंगाला फोड आले होते. त्यानं हाताची मागची बाजू दाराजवळ नेली आणि पटकन मागे घेतली.

"मागच्या उन्हाळ्यात मी फार आजारी होते," बाई सांगू लागल्या. त्यांचा आवाज अगदी शहाण्या माणसाचा होता. "उकाडा सोसवत नव्हता. जाते की राहते अशी वेळ आली. तेव्हा हे म्हणाले, असू दे, मी बसतो आत. आणि बसले. मला गार वाटायला लागलं. आता मी चांगली ठणठणीत आहे हो. पण ते काही बाहेर येत नाहीत. म्हणतात, तू परत पडशील. तुम्ही हे बंद करून द्या, म्हणजे त्यांना यावंच लागेल."

म्हातारीचं डोकं फिरलंय, असं त्यानं मनाशी ठरवलं. तेवढ्यात दारामागून आवाज आला.

"कोण आलंय गं?"

पेपर वाचता वाचता विचारावं, इतका साधा आवाज. फक्त फार कोरडा.

"एसीवाले आलेत," बाई दाराला म्हणाल्या. मग अगदी सवयीनं, "अहो, पाणी देऊ का?"

"नको. वाफ होते."

मेकॅनिकनं पिशवी भरायला सुरुवात केली.

"जे चालूच नाही ते मी बंद कसं करणार, काकू?"

"दादा, हात जोडते तुमच्यापुढे." त्यांनी त्याची बाही धरली. त्यांची बोटं बर्फासारखी होती. "त्यांचा आवाज रोज कमी येतोय."

त्यानं बाही सोडवून घेतली आणि जिना उतरू लागला.

३

उतरता उतरता त्यानं कारणं शोधली. शेजारच्या घरातलं यंत्र याच नळ्यांना जोडलेलं असेल. म्हातारबाबा आत शेगडी पेटवून बसत असतील. म्हातारपणी काय काय खूळ शिरेल सांगता येत नाही. फुग्याचं म्हणाल तर वाऱ्याच्या झोतानं नळीत हवा मागेपुढे होत असेल. जिन्यात त्याला हे सगळं पटलं. रस्त्यावरच्या उन्हात आल्यावर पटेनासं झालं. दुकानात पोचल्यावर त्यानं मालकांना सांगितलं, "काम आपल्या हातचं नाही," आणि विषय संपवला.

घरी जेवताना मात्र तो बोलून गेला. चिमी ओल्या पंच्यात पेंगत होती. बायको एका हातानं जेवत होती, दुसऱ्या हातातला पुठ्ठा चालूच होता. तिला जरा हसवावं म्हणून त्यानं गोष्ट रंगवून सांगितली. स्वेटर घातलेली बाई, रिकामं ब्रॅकेट, "मी बसतो आत" म्हणून खोलीत जाऊन बसलेले म्हातारबाबा. फुग्याचंही सांगितलं. दारामागून आलेलं उत्तर मात्र सांगितलं नाही. का, ते त्यालाही कळलं नाही. जेवणाच्या ताटावर ते नको वाटलं, इतकंच.

बायको हसली नाही.

"आणि त्या बाई कशा होत्या?" तिनं विचारलं.

"कशा म्हणजे?"

"बऱ्या होत्या ना? आजारी होत्या म्हणालात. आता बऱ्या आहेत ना?"

"अगं, डोकं फिरलेली बाई ती. तिचं काय घेऊन बसलीस?"

"मी तब्येतीचं विचारतेय."

"तब्येत ठीक दिसली," तो चिडून म्हणाला. "तू पण ना, कुठलंही काहीतरी धरून बसतेस."

तिच्या हातातला पुठ्ठा क्षणभर थांबला होता. तो परत हलायला लागला.

४

मग वीज गेली. आज येईल, संध्याकाळी येईल, अशी आशा दाखवत पूर्ण गेली. गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडला होता आणि तिथे माणसं जमून त्याच्याकडे नुसती बघत होती.

भर दुपारी चिमीला झटका आला. आधी ती बडबडत होती, मग शब्द जड झाले, मग डोळे वर गेले आणि हातपाय ताठ झाले. बायकोनं सगळी बादली तिच्या अंगावर ओतली. पाणीच कोमट होतं. मेकॅनिकनं पोरीला तशीच उचलली आणि अनवाणी रस्त्यावर धावला. तळपाय भाजले हे त्याला रिक्षात बसल्यावर कळलं.

दवाखान्याच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली जमिनीवर माणसं झोपवली होती आणि नर्स त्यांच्यावरून पाय टाकत बर्फाच्या पिशव्या नेत होत्या. चिमीच्या काखेत, मानेखाली बर्फ ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि "आई, शाळा सुटली?" असं विचारलं. बायकोनं तोंडात पदर कोंबला.

डॉक्टर तरुण होते. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"खाट नाही, मी ठेवून घेऊ शकत नाही," ते म्हणाले. "बर्फही संपत आलाय. हिला गार जागी न्या. पुन्हा असा झटका आला तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही आणि दुसऱ्या कुणीतरी हाक मारली म्हणून ते सुटल्यासारखे निघून गेले.

गार जागा. मेकॅनिकनं ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. ज्यांच्या घरी त्यानं स्टुलावर उभं राहून सरबत प्यायलं होतं, त्यांतल्या काहींनाही केले. कुणाकडे वीज नव्हती, कुणाकडे पाहुणे होते, कुणी फोन उचलला नाही. परत येताना रिक्षात बायको पोरीला छातीशी धरून बसली होती.

"अहो."

"हं."

"त्या बाई खरंच बऱ्या झाल्या ना?"

त्याला तेव्हा तिच्यावर खेकसायचं होतं. काय वेड्यासारखं बोलतेस, म्हणायचं होतं. पण पोरीचा तळहात त्याच्या हातात होता आणि तो पुन्हा तापायला लागला होता.

"हो," तो म्हणाला.

५

सकाळी मालकांनी निरोप पाठवला की कुठल्याशा गिऱ्हाइकाकडे जुना इन्व्हर्टर पडून आहे. त्यांचं काम करून दिलंस तर घेऊन जा. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, पंखा चालतो. पण पंखा तर पंखा. बायकोनंच त्याला घालवलं. दाराशी उभी राहून तिनं त्याच्या शर्टाचं लागलेलं बटण पुन्हा लावल्यासारखं केलं.

दुपारी तो स्टुलावर असताना तिचा फोन आला. त्याच्या दातांत दोन स्क्रू होते.

"घाई करू नका," ती म्हणाली. "चिमी आत्ताच झोपलीय. एक विचारायचं होतं. तुमच्या हत्यारांच्या खोलीला आतून कडी आहे ना?"

"आहे की. का गं?"

"काही नाही. आवरतेय जरा."

त्यानं बरं म्हणून फोन ठेवला आणि स्क्रू पिळू लागला. अर्धा पिळून झाल्यावर त्याचा हात थांबला. मग तो स्टुलावरून उतरला आणि इन्व्हर्टर न घेताच निघाला.

घराचं दार लोटलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गारवा आला.

चिमी जागी होती. फ्रॉकवर स्वेटर, पायांत मोजे, गादीवर उड्या. "बाबा, बघ! माझ्या तोंडातून धूर येतो!" तिनं गाल फुगवून हवा सोडली, आणि खरंच तिच्या ओठांपुढे पांढरी वाफ दिसली आणि विरली. ती खिदळली. असं खिदळलेलं त्यानं तिला महिनाभरात ऐकलं नव्हतं.

भिंतीवरच्या एसीचा प्लग खाली लोंबत होता. वीज तर गल्लीतच नव्हती.

त्याचे पाय सवयीनं खिडकीकडे वळले. बाहेरचं युनिट जागच्या जागी होतं. पंखा थांबलेला. त्याच्या जाळीत पारव्यानं काड्या आणून ठेवल्या होत्या आणि पारवा तिथे निवांत बसला होता.

आता पुढचा प्रश्न विचारायचा असतो. इथे पडत नाही, तर मग कुठे पडतेय? आजवर हजार घरांतून त्यानं तो विचारला होता. स्वतःच्या घरात त्यानं तो विचारला नाही.

तो खाली बसला आणि पोरीला मांडीवर घेतलं. तिच्या कपाळाला ओठ टेकले. कपाळ गार होतं. तो रडू लागला, तिच्या केसांत तोंड खुपसून, हमसून हमसून. त्या गारव्यात त्याच्या अंगावरचा घाम वाळला, डोकं शांत झालं, कितीतरी दिवसांनी डोळ्यांवर झापड आली. पाठीमागच्या हत्यारांच्या खोलीचं दार बंद आहे हे त्याला माहीत होतं. तरी तो बसून राहिला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून तांबूस होईपर्यंत बसून राहिला. या एका गोष्टीसाठी त्यानं पुढे स्वतःला कधीच माफ केलं नाही.

"बाबा," शेवटी चिमीच म्हणाली, "आईनं सांगितलंय, ते दार उघडायचं नाही. तुलाही सांग म्हणाली."

६

हत्यारांच्या खोलीला खिडकी नव्हती. दाराच्या खालच्या फटीत चिमीचा पंचा कोंबलेला होता, आतल्या बाजूनं.

"अगं," तो दाराला म्हणाला. आपला आवाज त्या बाईंसारखा निघाला, असं त्याला वाटलं.

"आलात?" आतून बायको म्हणाली. तिचाच आवाज. घशाला कोरड पडलेली. "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. तू बाहेर ये."

"थंडी वाजत असेल तर माझी शाल काढून ठेवलीय. उशीखाली."

"तू आधी कडी काढ. मी बसतो आत. तू ये बाहेर, मी बसतो!"

ती म्हणाली, "मला आता येता येणार नाही हो. पोर भाजेल."

त्यानं पान्हा काढला, स्क्रूड्रायव्हर काढला, बिजागरीला भिडला. तापलेली बिजागरी हात लावू देत नव्हती. त्यानं रुमाल गुंडाळला आणि स्क्रू सैल केले. दाराची कड बोटभर सरकली. फटीतून जे बाहेर आलं ते हवेसारखं नव्हतं. त्याच्या भुवया करपल्याचा वास त्याला आला.

आणि त्यानं आत पाहिलं. त्याचं जुनं सामान, भिंतीशी टेकलेलं. त्याच्यामध्ये ती जमिनीवर बसली होती, गुडघे जवळ घेऊन, बस यायची वाट बघणारी बाई बसते तशी. तापलेल्या रस्त्यावर हवा हलते तशी तिच्याभोवतीची हवा हलत होती, आणि त्या हलण्यात तिचा चेहरा कुठे ठरत नव्हता. एक हात मात्र दिसला. तो तिनं "नको" म्हणावं तसा वर केला, आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसल्यासारखा त्याला वाटला. खोलीत दिवा नव्हता.

"अहो, लावा दार," ती म्हणाली. "मागे बघा. पोरीकडे बघा."

तो वळला. चिमी गादीवर उभी होती. तिचे गाल लाल झाले होते. ती काहीतरी सांगत होती आणि शब्द जड येत होते. "बाबा, मला ते... मला..." तिचे डोळे वर जायला लागले.

त्यानं दार लावलं. खांद्यानं रेटून लावलं, खांदा भाजला तरी रेटलं. स्क्रू परत पिळले, चांगले गच्च. मग तो धावत पोरीकडे गेला आणि तिला कवटाळून बसला. हळूहळू तिच्या गालांवरची लाली उतरली. तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "आई रागावली?"

"नाही," तो म्हणाला. "आई नाही रागावली."

दाराच्या कडेनं अजूनही गरम झोत येत होता, सरकलेल्या बाजूनं. तो जिथे जिथे लागत होता तिथला गारवा मरत होता. मेकॅनिकनं पिशवी ओढली. साबणाचं पाणी काढलं, फेस केला आणि चौकटीच्या सगळ्या कडेनं लावत गेला. जिथे जिथे फुगा आला, तिथे तिथे त्यानं फटीत लांबीचा लगदा भरला, वर पट्टी चिकटवली, अंगठ्यानं दाबली. जन्मभर गळती बंद करण्यात घालवलेले हात होते ते. त्यांना काय करायचं हे सांगावं लागलं नाही. त्याच्या तोंडून मात्र हुंदके येत होते आणि ते चिमीनं ऐकू नयेत म्हणून तो मध्येच खोकत होता.

शेवटी कडीजवळचं एक छोटं भोक राहिलं. तिथला फुगा फुगला, थांबला आणि परत आत गेला. तेवढं एक त्यानं बुजवलं नाही.

"पाणी देऊ का गं?" त्यानं भोकाशी तोंड नेऊन विचारलं.

"नको हो," आतून ती म्हणाली. "वाफ होते."

७

तेव्हापासून तो कामावर गेला नाही. चिमी घरभर हुंदडते, भिंतींवर चित्रं काढते, दाराशी बसून आईला गोष्ट सांगायला लावते. आईच्या गोष्टी लहान होत चालल्या आहेत. ऊन उतरायचं नाव घेत नाही. शेजारीण एकदा दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्याकडे बरं गार वाटतं हो," आणि तो तिच्या तोंडावर दार लावून मोकळा झाला. उन्हाळा कधीतरी संपतो, असं तो स्वतःला सांगतो. संपला की ती निवेल. निवली की बाहेर येईल. म्हणून तो दाराशी बसून असतो, बाटली हाताशी ठेवून. फेस वाळला की नवा लावतो. बोलायला तिला त्रास होतो, म्हणून तो बोलत नाही. फुगा येतो, आत जातो. येतो, आत जातो. त्याला तेवढं पुरतं.

आज दुपारी मालकांचा फोन आला.

"गारठ्या, अरे आहेस कुठे? गिऱ्हाइकं माझा जीव खातायत. बरं, ते जाऊ दे. ती स्वेटरवाली बाई आठवते का, तिचा एसी बंद होत नव्हता ती?"

"आठवते."

"तिचा फोन आला होता. कुणी येऊ नका म्हणाली. आपोआप बंद झालं म्हणे, सकाळी. मी म्हटलं, मग बरंच झालं की हो. तर बाई रडायलाच लागली. तूच सांग, लोकांचं करावं तरी काय? हॅलो? गारठ्या?"

त्यानं फोन जमिनीवर ठेवला. त्यातून मालकांचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

मागे चिमी गाणं म्हणत होती. ती मध्येच थांबली. "बाबा, हे स्वेटर काढू का? टोचतंय."

"थांब जरा," तो म्हणाला.

कडीजवळचा फुगा मोठा झाला होता. चांगला टपोरा, त्याच्यात खिडकी दिसत होती, आणि खिडकीत तो स्वतः. आता तो परत आत जाईल, म्हणून मेकॅनिक श्वास धरून त्याच्याकडे बघत बसला.

"बाबा," चिमी म्हणाली, "मला गरम होतंय."